पाऊल कोणाचे?

मनुष्याचा हात हलला म्हणजे तो त्यानेच हलवला, असे आपण इतक्या सहजपणे धरून चालतो की या दोन विधानांमध्ये काही अंतर असू शकते, ही गोष्ट तत्त्वज्ञाच्या किंवा वैद्याच्या दारी गेल्याखेरीज सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. कॅनडातील माँट्रिअल येथे शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड हे अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूवर, रुग्ण जागा असताना, शस्त्रक्रिया करीत असत. कोणता भाग काढावा आणि कोणता राखावा याचा निर्णय करण्यासाठी ते उघड्या मेंदूच्या पृष्ठभागाला मंद विद्युत्प्रवाहाचे टोक लावीत, आणि विवक्षित जागी ते टोक लागले की रुग्णाचा हात उचलला जाई. या हालचालीविषयी विचारणा केली असता रुग्ण सांगत, की हे आपण केलेले नाही, डॉक्टरांनी आपल्याकडून करविले आहे. हात त्याचा, स्नायू त्याचे, मेंदूही त्याचाच. तरी कर्म मात्र आपले नव्हे, अशी कैफियत तो टेबलावर पडल्या पडल्या देतो, आणि ती खोटी ठरवण्याचे कोणतेही साधन आपल्यापाशी नसते. पेनफील्ड यांनी आयुष्याच्या अखेरीस, १९७५ साली, प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा अनुभवांच्या आधारे मन हे मेंदूहून निराळे असले पाहिजे, या मताकडे कौल दिला. इतका मोठा निष्कर्ष पेलण्याएवढा हा पुरावा भक्कम आहे असे मला वाटत नाही. पण रुग्णाच्या त्या साध्या जबानीतून कर्तृत्वाचा जो प्रश्न उभा राहतो, तो टाळता येण्याजोगा नाही.

आपल्या नैयायिकांनी हा प्रश्न फार पूर्वी नीट मांडून ठेवला होता. त्यांच्या मते कर्ता कोण, तर ज्याच्या ठिकाणी ज्ञान, चिकीर्षा आणि कृती ही तिन्ही आहेत तो. म्हणजे काय करावयाचे व कशाने करावयाचे याची जाण, ते करण्याची इच्छा, आणि त्या इच्छेतून उठलेला प्रयत्न. हा प्रयत्न न्यायदर्शनात आत्म्याचा गुण मानलेला आहे. शरीराची चेष्टा, म्हणजे डोळ्यांना दिसणारी हेतुपूर्वक हालचाल, ही त्याच्या मागून येणारी गोष्ट होय. धडधाकट माणसात प्रयत्न आणि चेष्टा यांच्यामधली फट कधी जाणवतच नाही. उठावेसे वाटले आणि उठलो, इतके ते दोन्ही एकजीव झालेले असतात. ज्या बालकांविषयी मला येथे लिहावयाचे आहे त्यांच्या वाट्याला मात्र हीच फट आलेली असते, आणि त्यांचे सारे बालपण ती बुजवण्याच्या उद्योगात जाते.

वैद्यकात ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात तो विकार मुळात स्नायूंचा नाही. वाढत्या मेंदूला जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा जन्मानंतर लवकरच इजा होते. ती इजा पुढे पसरत नाही, पण तिचे परिणाम जन्मभर पुरतात. लंडनचे डॉक्टर विल्यम जॉन लिटल यांनी १८६१ साली तेथील प्रसूतिवैद्यांच्या मंडळापुढे निबंध वाचून अवघड प्रसूती, जन्मतः गुदमरणे आणि पुढे येणारा हातापायांचा ताठरपणा यांची सांगड घातली. पुढे मनोविश्लेषणाचे प्रवर्तक म्हणून गाजलेले सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९७ च्या आपल्या ग्रंथात उलट शंका काढली, की अवघड प्रसूती हे कारण नसून गर्भातच झालेल्या बिघाडाचे ते एक लक्षण असेल. आणि आजचे ज्ञान पाहता पुष्कळ बालकांच्या बाबतीत फ्रॉइड यांचीच शंका खरी ठरते. हजार जन्मांमागे साधारण दोन बालकांना हा विकार होतो. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बालकाच्या मेंदूतील पोकळ्यांच्या कडेचा पांढरा भाग नाजूक असतो, आणि पायांकडे जाणारे तंतू नेमके त्याच वाटेने उतरतात. म्हणून तेथे इजा झालेल्या मुलाच्या टाचा जमिनीला टेकत नाहीत आणि चालताना गुडघे एकमेकांवर चढतात. काही मुलांना जन्मानंतरच्या जबर काविळीने मेंदूच्या खोल भागात इजा होते. त्यांचे हातपाय, मान आणि जीभ ही अनावर वळवळत राहतात, बोलणे कोणाला कळत नाही, आणि बुद्धी मात्र पुष्कळदा पूर्ण शाबूत असते. समोरचा पेला घ्यावा हे त्याला कळते, घ्यावासा वाटतो, घेण्याचा तो शिकस्तीचा प्रयत्नही करतो. हुकूम सुटतो, पण अंमल होत नाही, किंवा भलताच होतो. नैयायिकांच्या व्याख्येने पाहिले तर हे मूल कर्ता होण्यात तसूभरही कमी नाही. कमी पडते ती चेष्टा.

असे मूल घरात आले की आपल्या समाजात पहिला प्रश्न वैद्यकाचा पडत नाही. तो पडतो हिशेबाचा. आईने ग्रहणात विळीला हात लावला होता का, कुलदैवताचा नवस फेडावयाचा राहिला होता का, कोणाचा तळतळाट भोवला का, अशी चौकशी शेजारच्या ओसरीवर आणि कित्येकदा घरच्या माजघरातही भरते, आणि तिचा निकाल बहुधा त्या आईच्याच विरुद्ध लागतो. शिकलेली माणसे ग्रहणाची भाषा बोलत नाहीत. ती ‘प्रारब्ध’ म्हणतात आणि आपण काही तरी तात्त्विक बोललो अशा समजुतीने घरी जातात. या मंडळींनी शास्त्राचा दाखला द्यावयाचाच असेल तर तो पुरता द्यावा. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात, जगातील विषमता पाहता ईश्वरावर पक्षपाताचा आणि निर्दयपणाचा ठपका येतो, असा आक्षेप घेऊन त्याचे उत्तर कर्मसापेक्षतेने दिले आहे. तेथे आरोपी ईश्वर आहे आणि वकिली त्याच्या बाजूने चालली आहे. बालकाविरुद्ध फिर्याद लावण्यासाठी तो युक्तिवाद रचलेला नव्हता. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर हा विषय वैद्याच्या दृष्टीने स्पष्टच केला आहे: दैव आणि पुरुषकार यांत जे बलवान ते दुर्बलावर मात करते, आणि सर्वच आधी ठरलेले असते तर औषधोपचाराला काही अर्थच उरला नसता. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या गीतारहस्यात कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचे विवेचन एकाच प्रकरणात केले, यातही माझ्या मते मोठे औचित्य आहे. कारण पहिल्याचा विचार दुसऱ्यावाचून केला की त्याची गत ओसरीवरच्या चौकशीसारखी होते. प्रारब्धाचा विचार ज्याने त्याने स्वतःच्या दुःखापुरता करावा. दुसऱ्याच्या मुलाकडे बोट दाखवून तो करणे हा निर्दयपणा आहे, आणि त्याला वेदान्ताचे पांघरूण घातल्याने तो झाकत नाही.

आता विजेकडे वळू. आपल्याकडे ‘करंट लावणे’ किंवा ‘मशीन लावणे’ या नावाने जो उपचार घरोघर माहीत झाला आहे, त्याचा इतिहास बराच जुना आहे, आणि धर्मपुरुषांचाही त्यात हात आहे. इंग्लंडातील मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी लंडनमध्ये गोरगरिबांसाठी विद्युत्-यंत्रे ठेवली होती आणि १७६० साली या विषयावर एक छोटे पुस्तकही काढले. प्रार्थना करावी आणि यंत्रही फिरवावे, या दोहोंत त्यांना विरोध दिसला नाही. ईश्वराची कृपा पदार्थांच्या गुणांमधूनही उतरते, अशी त्यांची धारणा होती. नवस बोलूनही मुलाला फिजिओथेरपिस्टकडे नेमाने नेणाऱ्या आपल्या बायकांना वेस्लींचे हे वागणे मुळीच चमत्कारिक वाटणार नाही.

परंतु त्या काळातला सर्वांत विचार करण्याजोगा दस्तऐवज म्हणजे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७५७ च्या डिसेंबरात जॉन प्रिंगल या डॉक्टरांना लिहिलेले पत्र. विजेने अर्धांग बरे होते, अशा बातम्या युरोपातून येऊ लागल्यावर पेनसिल्व्हेनियाच्या निरनिराळ्या भागांतून लोक आपल्या पक्षाघातग्रस्त आप्तांना फ्रँकलिन यांच्या घरी आणू लागले, आणि त्यांनीही कोणाला परत न पाठवता, मोठ्या काचेच्या बरण्यांत साठवलेल्या विजेचे धक्के दिवसातून अनेकदा देण्याचा क्रम ठेवला. पहिल्या काही दिवसांत हात उबदार झाला, थोडा उचलला गेला, माणसे हरखली. पाचव्या दिवसानंतर सुधारणा थांबली, रोगी खट्टू होऊन घरी परतले आणि हळूहळू पूर्ववत झाले. कायमचा गुण आलेला आपण पाहिला नाही, हे फ्रँकलिन यांनी आडपडदा न ठेवता लिहिले आहे. पण त्याच्यापुढे त्यांनी आणखी एक गोष्ट नमूद केली, जिच्यासाठी हे पत्र आजही वाचावे: जो काही तात्पुरता फायदा दिसला तो विजेमुळे, की प्रवासाच्या आणि रोज आपल्या घरी येण्याच्या श्रमामुळे, की बरे होऊ या आशेने त्या रोग्यांना आलेल्या हुरुपामुळे त्यांनी हातपाय हलवण्याचा अधिक जोर केला म्हणून, याचा निवाडा करण्याचे त्यांनी नाकारले. यंत्राचा वाटा किती आणि माणसाच्या प्रयत्नाचा किती, हा प्रश्न त्यांनी अडीचशे वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने विचारून ठेवला आहे की त्यानंतरच्या पुष्कळ संशोधकांनी तो पुन्हा वाचला असता तर त्यांचा बराच वेळ वाचला असता.

मात्र पुढचे शतक या प्रश्नात रमले नाही. ते रमले कर्त्यावाचून होणाऱ्या हालचालींच्या कौतुकात. बोलोन्याच्या गॅल्व्हानी यांनी मेलेल्या बेडकाचे पाय विजेने आखडतात हे १७९१ साली प्रसिद्ध केले, आणि त्यांचे भाचे अल्दिनी यांनी १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या एका कैद्याच्या प्रेतावर जाहीर प्रयोग केले. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, मूठ वळली, आणि पाहणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. फ्रान्सचे डॉक्टर द्यूशेन हे त्यांच्याहून कितीतरी अधिक गंभीर शास्त्रज्ञ. त्वचेवर टोके टेकवून एकेक स्नायू स्वतंत्रपणे आकुंचित करण्याची पद्धत त्यांनीच घालून दिली, आणि आजच्या फिजिओथेरपीतील विद्युत्-उपचाराचे जनकत्व त्यांच्याकडेच जाते. १८६२ साली त्यांनी छायाचित्रांसह एक ग्रंथ काढला. ज्याच्या चेहऱ्याला संवेदना उरली नव्हती अशा एका वृद्धाच्या मुखावर विजेने हर्ष, भय, शोक असे भाव एकामागून एक उमटवून त्यांनी ती छायाचित्रे घेतली. त्या चित्रांत शास्त्र आहे, कौशल्य आहे. आणि हर्ष आहे पण हर्षित होणारा कोणी नाही. अपंग मुलाच्या पायाला यंत्र लावताना आपण नकळत याच वाटेला लागण्याचा धोका असतो, हे मला सांगावयाचे आहे. पाय उचलला जातो, आईबाप टाळ्या वाजवतात. मूल काय करीत होते याची चौकशी कोणी करीत नाही.

या धोक्याचे शांत, सुशिक्षित आणि सद्हेतूने भरलेले उदाहरण अगदी अलीकडचे आहे. टोरांटो येथील नवजात बालकांच्या तज्ज्ञ डॉक्टर कॅरन पेप यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस एक पद्धत पुढे आणली: मूल रात्री झोपलेले असताना त्याच्या दुर्बल स्नायूंवर पट्ट्या लावून, स्नायू हलणारही नाही इतका मंद प्रवाह कित्येक तास चालू ठेवावयाचा. झोपेत वाढीचे संप्रेरक अधिक पाझरते, त्यातच रक्ताचा पुरवठा वाढला तर स्नायू भरतील, असा तर्क त्यामागे होता. आईबापांना ही पद्धत भावली यात नवल नाही. मुलाला त्रास नाही, शाळा बुडत नाही, आणि आपण रात्रभर काही तरी करीत आहोत असे समाधान. पण पुढे डेन्मार्कमध्ये काही मुलांना खरे आणि काही मुलांना निष्प्रवाह यंत्र देऊन, कोणाला कोणते दिले हे आईबाप व तपासनीस या दोघांपासूनही गुप्त ठेवून चाचणी झाली, आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षात दोन गटांच्या हालचालींमध्ये दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही. एका चाचणीवरून सिद्धान्त रचू नये हे मलाही मान्य आहे. तरीही कर्ता झोपलेला असताना त्याच्या वतीने कर्म उरकण्याची ही तजवीज फळाला आली नाही, ही गोष्ट तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी खरीच.

याच्या उलट बाजूची एक युक्ती अमेरिकेतील व्लादिमिर लिबरसन यांनी १९६१ साली मांडली होती. अर्धांगाच्या रोग्याचा पंजा चालताना लोंबतो आणि जमिनीला अडखळतो. लिबरसन यांनी त्याच्या बुटात टाचेखाली एक कळ बसवली, म्हणजे रोग्याने पाऊल टाकण्यासाठी टाच उचलताच गुडघ्याखालच्या मज्जातंतूला विजेचा स्पर्श व्हावा आणि पंजा वर व्हावा. आज हीच कल्पना सुधारलेल्या रूपात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीही वापरतात. येथे स्नायू विजेनेच आवळतो हे खरे. पण वीज मुलाच्या पावलाची वाट पाहते. पाऊल टाकण्याचा आरंभ मुलाकडून झाला नाही तर यंत्र गप्प बसते. मेंदूवर, कवटीच्या बाहेरून, एकदोन मिलिअँपिअरचा प्रवाह सोडण्याचे प्रयोगही मुलांवर, हाताच्या सरावाच्या जोडीने, चालू आहेत. त्यांचे निष्कर्ष संमिश्र असल्याने त्यांचा विस्तार येथे करीत नाही.

मला अधिक थांबावयाचे आहे ते पाठीच्या कण्यावरून दिल्या जाणाऱ्या उपचारापाशी. रशियातील सेंट पीटर्सबर्गचे युरी गेरासिमेन्को आणि लॉस एंजेलिसचे रेजी एजर्टन या दोघा शरीरशास्त्रज्ञांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. चालण्याची लय केवळ मेंदूत नसते; कण्यातील मज्जारज्जूत, कमरेच्या भागात, ती धरणारी जाळी असतात, आणि मेंदूचा निरोप क्षीण झाला तरी ही जाळी मेलेली नसतात, एवढेच की त्यांना जाग येण्याइतका तो निरोप जोराचा राहत नाही. म्हणून पाठीवर, कण्याच्या रेषेत, चिकट पट्ट्या लावून प्रवाह सोडतात. सेकंदाला दहा हजार आवर्तनांच्या लहरींचे झुबके, सेकंदास तीसच्या आसपास, अशी त्याची रचना असते, आणि या रचनेमुळे त्वचेला वेदना फारशी न होता प्रवाह मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदक मुळांपर्यंत पोहोचतो. त्याची मात्रा अशी ठेवतात की पाय आपोआप उडू नये. जाळी फक्त सावध व्हावीत. मग मुलाला उभे करावयाचे, चालत्या पट्ट्यावर आधार देऊन पावले टाकावयास लावावयाचे, बसण्याचा, तोल सांभाळण्याचा सराव घ्यावयाचा. कण्याला दुखापत होऊन पाय गेलेल्या पाच पुरुषांनी या मार्गाने आपल्या इच्छेने पाय हलवल्याचा वृत्तान्त २०१५ साली प्रसिद्ध झाला; सेरेब्रल पाल्सीच्या १६ मुलांवरचा प्राथमिक प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात मुलांच्या हालचालींत सुधारणा आढळली.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, नाना प्रकारची साधने, निरनिराळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. मला असे दिसते की पेनफील्ड यांच्या टेबलावर, अल्दिनींच्या प्रेतावर आणि द्यूशेन यांच्या वृद्धाच्या चेहऱ्यावर यांपैकी दुसऱ्या कारणाला रजा दिलेली होती. टोरांटोच्या पद्धतीत त्याला झोपवले होते. आणि कण्यावरच्या या उपचारात मात्र वीज तिसऱ्या कारणाच्या, म्हणजे साधनाच्या, जागी बसून दुसऱ्याची वाट मोकळी करते. मुलाने पाऊल टाकावयाचे मनात आणले नाही तर येथे काही घडत नाही. म्हणून त्या खोलीत पडलेले पाऊल, कितीही वेडेवाकडे असले तरी, मुलाचे असते.

यावर वेदान्ती हरकत घेईल. तो म्हणेल, की त्याच अध्यायात, पाच कारणे असता केवळ आत्म्याला कर्ता समजणाऱ्याची दृष्टी सदोष म्हटली आहे. कर्तृत्वाचा अभिमान हेच जर बंधन, तर ज्या बालकाला तो अभिमान सहजच नाही त्याच्या गळ्यात तुम्ही तो यंत्रे लावून का अडकवता? हरकत वाटते तितकी पोकळ नाही, पण तिचे उत्तर आहे. ज्याच्याजवळ जे कधी नव्हते त्याचा तो त्याग करू शकत नाही. दुसऱ्याने भरवले तेव्हा जेवणारे, दुसऱ्याने वळवले तेव्हा कूस बदलणारे, दुसऱ्याने ढकलले तेव्हा अंगणात जाणारे मूल निष्काम कर्मयोगी ठरत नाही. त्याला कर्माची संधीच मिळालेली नसते. आधी त्याला ‘मी केले’ असे म्हणू द्या. ‘मी काहीच करीत नाही’ हे म्हणावयाचे की नाही, ते मोठे झाल्यावर त्याचे ते पाहील.

या उपचाराची एवढी तरफदारी केल्यावर त्याची मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे सांगणे हे माझे कर्तव्य आहे. २०२२ च्या त्या प्रयोगात तुलनेसाठी निराळा गट नव्हता; मुलांना वीज आणि कसून सराव ही दोन्ही एकत्रच मिळाली. म्हणजे श्रेय विजेचे की श्रमाचे की आशेचे, हा फ्रँकलिन यांचा प्रश्न तेथे निकालात निघालेला नाही. अमेरिकेच्या नियामक खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये याच जातीच्या एका यंत्राला मंजुरी दिली ती मानेच्या कण्याला दुखापत झालेल्या प्रौढांच्या हातांसाठी. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी नव्हे. हा तपशील जाहिरातींत बारीक अक्षरांतसुद्धा नसतो. आपल्या शहरांतून ‘मशीन’च्या नावावर महिन्याचे हप्ते पाडणारी दुकाने निघाली आहेत, आणि ‘पोर चालेल ना?’ या प्रश्नाला ‘चालेल’ असे उत्तर देणे हाच ज्यांचा धंदा, ती माणसे जमीन विकावयास निघालेल्या बापाला थांबवणार नाहीत. १९९७ पासून वैद्यकात या मुलांच्या हालचालींच्या पाच पायऱ्या मानल्या जातात. पाचव्या पायरीवरच्या, मानही न सावरणाऱ्या मुलाला चालवण्याचे वचन देणारा माणूस एकतर अज्ञानी असतो किंवा लबाड. त्याच मुलाला स्वतःच्या मानेवर डोके सावरून समोरच्या माणसाकडे पाहता आले, तर ते लहान यश समजू नये.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. वाकडा देह सरळ केलाच पाहिजे का? आपल्या तत्त्वज्ञानात पांगळा वारंवार येतो, पण दृष्टान्तापुरता. सांख्यांनी पुरुषाला पांगळा आणि प्रकृतीला आंधळी म्हटले, परंतु खऱ्या पांगळ्याला काय हवे ते विचारावे असे त्यांना सुचले नाही. अपवाद एका कथेचा. महाभारताच्या वनपर्वातील अष्टावक्र आठ ठिकाणी वाकडा जन्मला तो स्वतःच्या कर्माने नव्हे. गर्भात असताना त्याने बापाच्या वेदपठणावर टीका केली आणि रागावलेल्या बापाने शाप दिला म्हणून. ग्रहण, तळतळाट आणि पूर्वजन्म यांचा हिशेब मांडणाऱ्यांनी व्यासांनी दोष कोणाकडे ठेवला आहे हे जरूर पाहावे. जनकाच्या यज्ञमंडपाच्या दारात द्वारपालाने त्याला अडवले तेही लहान वयासाठी, वाकड्या अंगासाठी नव्हे. ज्याने बापाला वादात हरवून पाण्यात बुडवले होते त्या बंदी नावाच्या पंडिताला त्याने वादात जिंकले ते वाकड्या देहानेच. बुडालेला बाप परत आला. आणि मग त्या बापाच्या सांगण्यावरून समंगा नदीत बुडी घेतल्यावर त्याचे अवयव सरळ झाले. म्हणजे मान आधी मिळाला, देह नंतर सुधारला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे तो उलटा चालतो: आधी नीट चालून दाखव, मग शाळेत घेऊ, मग लग्नाच्या मांडवात बसवू, मग माणसांत धरू. समंगेत उतरण्यापूर्वी बापाने मुलाला त्याची इच्छा विचारली असे मात्र महाभारतात नाही.

ती आपण विचारली पाहिजे. पाठीला पट्ट्या लावल्या की टोचल्यासारखे होते, खाज सुटते, तासभर एका जागी अडकून पडावे लागते, आणि त्या वेळात शेजारची मुले खेळून घरी येतात. हे सारे मुलाच्या वेळातून आणि अंगातून जाते, आपल्या नव्हे. बोलता न येणारे मूलही नजरेने, पापणीने, चित्रांच्या पाटीवर बोट टेकवून होय-नाही सांगू शकते, आणि ज्याला नाही म्हणण्याची मुभाच नाही त्याच्या होकाराला किंमत नसते. मूल आज नको म्हणाले तर आजचा दिवस सोडावा. कर्तृत्व परत मिळवून देण्यासाठी म्हणून सुरू केलेला उपचार त्याच्या नकारावर पाय देऊन चालवणे यात मोठा तर्कदोष आहे, आणि त्याहून मोठा अन्याय आहे.

हे केवळ निबंधकाराचे मत आहे असे कोणाला वाटू नये. सेरेब्रल पाल्सीचा समावेश ज्या एकवीस प्रकारांत केला आहे त्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या अधिनियमात, चौथ्या कलमात, आपल्यावर परिणाम करणाऱ्या सर्व बाबींत आपले म्हणणे मोकळेपणाने मांडण्याचा दिव्यांग बालकांचा हक्क, इतरांच्या बरोबरीने, मान्य केलेला आहे, आणि त्यासाठी वय व अपंगत्व ध्यानात घेऊन मदत देण्याची जबाबदारी सरकार व स्थानिक संस्था यांच्यावर टाकलेली आहे. ज्या आईबापांनी हे कलम वाचले नसेल त्यांनी ते वाचावे, आणि मुलाला पुढच्या वेळी मशीन लावण्यापूर्वी त्यालाही वाचून दाखवावे.